नाडीआत्या

भेटल्याबरोबर माणसं "काय, बरं आहे ना?" असं विचारतात. माझी आत्या विचारत नसे. ती समोरच्याचा हात धरायची, मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं टेकवायची आणि स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहायची. तेवढ्या वेळात कुणी बोललं तर मान हलवून त्याला गप्प करायची. मग आकडा सांगायची, "अडुसष्ट", आणि त्यानंतर चहा, जेवण, ख्यालीखुशाली. दूधवाल्याचा हात तिने धरला होता, शेजारणीच्या नव्या सुनेचा धरला होता आणि एकदा चर्चच्या दारात नव्याने आलेल्या पाळकसाहेबांचाही धरला होता. त्यांना वाटलं, बाई हस्तांदोलन करताहेत. बराच वेळ हात सुटेना तेव्हा ते घाबरले. आत्याने "ब्याण्णव" सांगितलं आणि "जिने सावकाश चढत जा" असं म्हणून त्यांना आत सोडलं.

तिचं नाव सुगंधा. राहुरीच्या मुलींच्या शाळेत ती गणिताच्या बाई, आणि आम्हा नातलगांत नाडीआत्या. काही लोकांना तो चक्रमपणा वाटे. ही सवय मात्र तिला जन्मापासून नव्हती. ती वयाच्या अडतिसाव्या वर्षी लागली आणि लागायला कारण मी होते.

आत्याने लग्न केलं नव्हतं. शाळेजवळ एक खोली घेऊन राहायची. लहानपणापासून तिला दमा. शाळेतून घरी येताना वाटेत एका लिंबाखाली ती थांबायची आणि बाजूच्या शेतात काय पेरलंय ते निरखत राहायची. शेताची तिला काडीचीही माहिती नव्हती. दम खायला थांबली आहे हे कुणाला कळू नये म्हणून तो खटाटोप. रात्री आडवं होऊन झोपणं तिला जमत नसे. दोन उशा मांडीवर घेऊन, खिडकीशी पुढे वाकून झोपायची. याबद्दल तिने कधी रडगाणं गायलं नाही. कुणी रडत आलं तरी तिचं एकच म्हणणं असे, "आधी मोजा, मग रडा." ताप आला, मोजा. भांडण झालं, किती वेळा झालं मोजा. तिच्या मते निम्मं रडणं मोजताना संपतं.

शाळेची घंटाही तीच वाजवायची. खरं तर ते शिपायाचं काम. पण नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी, पाठीमागे अचानक घंटा झाली आणि आत्या वर्गाच्या दारात कोसळली. मिनिटभरात उठली, पदर झटकला आणि म्हणाली की उपास होता. पुढे दोनदा असं झालं. तेव्हा तिने मुख्याध्यापकांना सांगून घंटेचा टोल स्वतःकडे मागून घेतला. आपण वाजवलेल्या घंटेने आपण दचकत नाही, एवढा शोध तिने स्वतःपुरता लावला होता. त्याच्यापुढे तिने विचार केला नव्हता.

आम्ही देवळाली प्रवरेला राहत होतो. वडील साखर कारखान्यात फिटर. आम्ही त्यांना दादा म्हणत असू, आत्या त्यांना भाऊ म्हणे. घरात आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान लीला. मी सोळा वर्षांची होईपर्यंत दोनदा पडले होते. एकदा शाळेत शर्यतीत आणि एकदा गल्लीतलं कुत्रं अंगावर आलं तेव्हा. गावातल्या डॉक्टरांनी मिरगी म्हणून गोळ्या दिल्या. आईने त्या पिठाच्या डब्यामागे लपवल्या, आणि दादांनी सांगितलं की ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये, आत्याकडेही नाही. दोन मुली उजवायच्या होत्या. मिरगीवाल्या घरात कोण सोयरीक करणार? शिवाय दादांचं पक्कं मत होतं की हे आईच्या माहेरून आलं आहे. तसं ते भांडणात बोलूनही दाखवत. आई गप्प बसे.

मी सोळा वर्षांची असताना एका शनिवारी आत्या आमच्याकडे येऊन परत राहुरीला निघाली होती. तिची पिशवी घेऊन मी तिला एस.टी.पर्यंत सोडायला गेले. गाडी सुटायच्या बेतात होती म्हणून मी हात वर करत धावले. ड्रायव्हरने जोरात हॉर्न दिला. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं आत्याच्या मांडीवर होतं, भोवती माणसं होती आणि कुणीतरी कांदा हुंगवायला आणला होता. मी विचारलं, "आत्या, गाडी गेली का?"

या एका प्रश्नावरून आत्याने माझं निदान केलं, असं ती पुढे सांगायची. तिच्या वर्गात खरोखरची मिरगी असलेली एक मुलगी होती. तिचं डोकं आत्याने कितीदा मांडीवर घेतलं होतं. ती मुलगी शुद्धीवर आली की तासभर कुणाला ओळखत नसे, आणि मग गाढ झोपे. मिरगीतून उठलेलं माणूस गाडीची चौकशी करत नाही. माझा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. मुख्य म्हणजे तिने माझं मनगट धरलं तेव्हा नाडी लागलीच नव्हती. मग एकदम पाखरू फडफडावं तशी लागली, आणि मग ठरल्या चालीने चालू लागली. तेव्हापासून तिची बोटं कुणाच्या मनगटावरून हलेनात.

ती त्या दिवशी राहुरीला गेली नाही. घरी येऊन दादांना म्हणाली, "भाऊ, ही मिरगी नाही. मला होतं तेच हिला होतंय." आणि स्वतःच्या पडण्याच्या सगळ्या हकिगती तिने पहिल्यांदाच सांगितल्या. दादा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग आता गावभर दवंडी पिटू का? दोघी आत्या-भाच्या पडत्यात म्हनून?" आणि उठून बाहेर गेले.

मे महिन्याच्या सुट्टीत आत्या नातेवाइकांकडे फिरली. कुणाला हा प्रश्न आवडत नव्हता. "आपल्यात काही आजार आहे का?" असं विचारलं की सगळे नाही म्हणत. मग तिने प्रश्न बदलला. "घरात कुणी धावताना, पोहताना किंवा दचकून पडलं होतं का?" असं विचारायला लागली. तेव्हा गोष्टी निघाल्या. एक चुलत आजोबा बैल उधळला तेव्हा जागच्या जागी गेले होते. एक आतेबहीण विहिरीत पोहायला शिकताना गेली. आणि आमच्याच घरातला, दादांचा आणि आत्याचा धाकटा भाऊ मनोहर. सोळा वर्षांचा, पट्टीचा पोहणारा. कालव्यात उडी मारली आणि वर आला नाही. मी त्याचा घरात फक्त एक फोटो पाहिला होता. त्याच्याबद्दल बोलायची दादांना चीड होती. ते कालव्याच्या रस्त्यानेही जात नसत. कामावर जायला लांबचा वळसा घेत.

शाळा सुरू होण्याआधी आत्या मला, लीलाला आणि आईला घेऊन नगरच्या दवाखान्यात गेली. दादांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिथे एक डॉक्टर नव्याने आले होते. उंच, सावकाश बोलणारे, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. आत्या तासभर बोलली. त्यांनी तिला एकदाही अडवलं नाही. मग आमच्या छातीच्या पट्ट्या काढल्या, ज्याला आता सगळे ईसीजी म्हणतात. पट्टी टेबलावर पसरून डॉक्टर फूटपट्टी शोधायला लागले. आत्याने पिशवीतून कंपास काढून दोन टोकांचं कर्कटक त्यांच्या पुढे ठेवलं. ठोका जिथे सुरू होतो तिथून त्याची शेवटची उंची जिथे संपते तिथपर्यंत त्यांनी अंतर धरलं, आणि तेच कर्कटक एका निरोगी माणसाच्या पट्टीवर टेकवलं. फरक मलाही दिसला. माझी पट्टी लांब होती, आत्याची लांब होती आणि कधीही न पडलेल्या लीलाचीही लांब होती. आईची मात्र अगदी बेताची होती. आईने तीनदा विचारलं, "माझी नीट हाय ना?" डॉक्टरांना त्या प्रश्नाचं कारण कळलं नाही. आत्याला कळलं. तिने आईचा हात दाबला.

डॉक्टर म्हणाले की ठोका पडून गेल्यावर पुढच्या ठोक्याला तयार व्हायला हृदयाला थोडा वेळ लागतो. तुमच्या घराण्यात तो वेळ जास्त लागतो. नेमक्या त्या वेळात भीतीचा किंवा धावपळीचा झटका बसला तर ताल तुटतो. कधी आपोआप जुळतो, कधी जुळत नाही. त्यांनी असं घराणं स्वतः कधी पाहिलं नव्हतं, फक्त वाचलं होतं. हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मुंबईला आपल्या जुन्या सरांना पत्र लिहितो, उत्तर येईपर्यंत मुलींनी धावायचं नाही, म्हणाले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. बीटा ब्लॉकर नावाची नवी औषधं निघाली होती, त्यातली एक द्यावी, असं सरांनी कळवलं होतं. डॉक्टरांनी ते आम्हाला असं समजावलं: माणूस घाबरला की अंगात एक रसायन सुटतं. ते ज्या दारांतून हृदयात शिरतं त्या दारांना ही गोळी कडी लावते. "पट्टी सुधारणार नाही. ती अशीच लांब राहील. पण घाबरल्यावर हृदयाला बसणारा चाबूक हलका बसेल. गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही, आणि एकदम बंद तर अजिबात करायची नाही."

लीलाबद्दल त्यांचं मत वेगळं होतं. ती पडली नव्हती, लहान होती. थोडं थांबून बघू, म्हणाले. आत्याने विचारलं, "कशासाठी थांबायचं?" डॉक्टर म्हणाले, एकदा चक्कर आली तर लगेच सुरू करू. आत्या म्हणाली, "मनोहर त्याआधी कधी पडला नव्हता डॉक्टर. त्याचं पहिलं पडणं तेच शेवटचं." डॉक्टरांनी लीलाची पट्टी पुन्हा पुढ्यात ओढली. मग त्यांनी लीलाच्या नावाने दुसरी चिठ्ठी लिहिली.

तिसरी चिठ्ठी त्यांनी लिहिली नाही. आत्याकडे वळून म्हणाले की तुम्हाला ही गोळी देता येणार नाही. हृदयात जशी दारं आहेत, तशीच श्वासाच्या नळ्यांतही आहेत. दम्याच्या माणसाच्या नळ्या त्याच रसायनावर उघड्या राहतात. कडी लावली तर तुम्ही गुदमराल. आणि दम्यासाठी तुम्ही आजवर ज्या गोळ्या घेत आलात, त्या तुमच्या हृदयाला चाबूक मारतात. त्याही आजपासून बंद.

"म्हणजे छातीचं औषध हृदयाला विष, आणि हृदयाचं औषध छातीला," आत्या म्हणाली.

"हो."

"मग माझं उदाहरण वेगळ्या पानावर सोडवा. आधी पोरींचं पूर्ण करा."

गोळ्या पुण्याहून मागवाव्या लागल्या. त्या घेऊन आत्या एका रविवारी, उपासना आटोपून आमच्याकडे आली. दादा घरात होते. त्यांनी बाटली हातात घेऊन फिरवून बघितली. विचारलं, "तू घेतीस का ही?" आत्याने कारण सांगितलं. दादा म्हणाले, "तुला सोसत न्हाई ते माझ्या लेकींना सोसंल, ह्ये कुनी सांगितलं? स्वतः घेत न्हाईस आन् माझ्या पोरींवर बघतीस व्हय?" आत्याने पुन्हा समजावलं. दमा, नळ्या, दारं. दादा ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. म्हणाले, त्यांच्या घरात ही बाटली राहणार नाही.

तेव्हा आत्याने आयुष्यात एकदाच न मोजता काहीतरी केलं. तिने बाटलीतून एक गोळी काढली, ती जिभेवर ठेवली आणि आईने चहाबरोबर ठेवलेल्या पाण्याने गिळली. म्हणाली, "घेतली. आता?"

आधी काहीच झालं नाही. आम्ही जेवायला बसलो. भाकरी अर्धी झाली आणि आत्याने ताट बाजूला सारलं. खिडकीशी जाऊन ती पुढे वाकली. दम्याचे झटके आम्ही पाहिले होते, हा तसा नव्हता. तिच्या छातीतून आवाजही येईना, ओठ निळे झाले. दादा धावत कारखान्यावर गेले आणि जीप घेऊन आले. नगरपर्यंतचा रस्ता आत्या माझ्या आईच्या खांद्यावर ओणवी होती. दादा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात नर्सने नेहमीप्रमाणे दम्याचं इंजेक्शन भरून आणलं. डॉक्टरांनी तिचा हात धरून तिला थांबवलं. ते इंजेक्शन आत्याच्या हृदयाला चाललं नसतं. दुसऱ्या औषधाची सलाईन त्यांनी अगदी हळू लावली, प्राणवायू दिला आणि तिथेच स्टूल घेऊन बसले. ऊन उतरेपर्यंत आत्याचा श्वास मोकळा होऊ लागला. तेव्हा डॉक्टर तिच्यावर रागावले. त्यांना रागावलेलं मी तेव्हाच पाहिलं. म्हणाले, "बाई, तुम्ही गणित शिकवता. दोन वेगळ्या उदाहरणांना एकच उत्तर लावता का?" आत्याने मान खाली घातली. तिच्या चुकीचं तिला खरंच वाईट वाटलं होतं, कारण तिला माहीत होतं की तिने नेमकं उलटं करून ठेवलं आहे. आता दादा ती गोळी कधीच घरात येऊ देणार नाहीत.

दादा व्हरांड्यात बाकावर बसले होते. आईने जाऊन सांगितलं की धोका टळला. जरा वेळाने आत्याने त्यांना आत बोलावलं. बोलताना तिला धाप लागत होती, म्हणून एकेक वाक्य तोडून बोलली. "माझं चुकलं भाऊ. त्याची शिक्षा पोरींना नको. तुझी एक पट्टी काढू दे. तेवढं ऐक."

दादा का तयार झाले, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. कदाचित तिला त्या वेळी नाही म्हणणं जड गेलं असेल. सदरा काढून ते टेबलावर झोपले. डॉक्टरांनी पट्टी आणून त्यांच्यापुढे धरली, शेजारी माझी ठेवली. दोन्ही सारख्या होत्या. दादांनी विचारलं, "म्हंजी ह्ये माझ्याकडनं आलंय?" डॉक्टर म्हणाले, "तुमच्या घराण्याकडून. तुमचा त्यात दोष नाही." दादांनी आईकडे पाहिलं. आई दाराशी उभी होती. इतक्या वर्षांचं ऐकून घेतलेलं तिच्या तोंडावर आलं होतं. दादाच म्हणाले, "मी तुला लई बोललो."

मग त्यांनी डॉक्टरांना मनोहरचं विचारलं. मनोहर असाच गेला का? डॉक्टर म्हणाले की मेलेल्या माणसाची पट्टी काढता येत नाही, त्यामुळे शपथेवर सांगू शकत नाही. पण पोहणारा मुलगा थंड पाण्यात उडी मारतो आणि एकदाही वर येत नाही, तर तो पाण्याने गेला नसावा. हृदय आधीच थांबलं असावं. "त्याला कुणी वाचवू शकलं असतं का?" दादांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "त्या काळात नाही."

त्यानंतर दादा बाहेर जाऊन उभे राहिले. आत्याने आम्हाला त्यांच्यामागे जाऊ दिलं नाही.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. कालवा कोरडा पडला होता. एका रविवारी दादा मला आणि लीलाला घेऊन कालव्यावर गेले. कोरड्या पात्रात उतरून, एका दगडी मोरीशी उभं राहून, त्यांनी जागा दाखवली. म्हणाले की पैज त्यांनीच लावली होती. पलीकडे आधी कोण पोचतो. उडी दोघांनी बरोबर मारली. दादा पलीकडे गेले आणि वळून हसले, त्यांना वाटलं मनोहर गंमत करतोय. "मी हसत हुतो," एवढंच ते दोनदा म्हणाले. वीस वर्षं त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. आम्ही घरी आलो तेव्हा त्यांनी आईकडून बाटली मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने ती भिंतीतल्या देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात, बायबलशेजारी ठेवली. गोळ्या आम्ही त्याआधी वर्षभर घेतच होतो. दवाखान्यातून आल्यावर दादांनी मना केलं नव्हतं, पण बाटलीला कधी हातही लावला नव्हता.

गोळीने सुरुवातीला मला फार दमायला झालं. हात गार पडायचे, भलभलती स्वप्नं पडायची. आत्या दर रविवारी येऊन नाडी बघायची, आकडे लिहायची आणि ते बघून डॉक्टर मात्रा कमीजास्त करायचे. ते मला दवाखान्याचा जिना चढायला लावत आणि वर आल्यावर पुन्हा मोजत. जिना चढूनही नाडी फारशी उसळली नाही, तेव्हा म्हणाले, आता मात्रा बसली. त्यानंतर मी पडले नाही. लीलाही नाही.

आत्याच्या वेगळ्या पानावरचं उदाहरण शेवटपर्यंत पूर्ण सुटलं नाही. डॉक्टरांनी तिला मिरगीचीच एक गोळी दिली, ती थोडाफार ताल राखते म्हणून. "फिरून मिरगीच," आत्या म्हणाली. त्या गोळीने तिच्या हिरड्या सुजल्या, हसली की दात अर्धे झाकले जात. वर्गातल्या मुलींना तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की बाईंच्या हिरड्या औषधाने वाढल्या आहेत, बघून घ्या, मग भागाकाराला लागा. दम्यासाठी जी गोळी दिली तिने चेहरा गोल झाला. ती म्हणे, आता मी खात्यापित्या घरची दिसते.

माझ्या लग्नाचं निघालं तेव्हा आईचं म्हणणं होतं की गोळ्यांचं नंतर सांगू. आत्याने ऐकलं नाही. पहिल्या दोन स्थळांना तिने स्वतः जाऊन सांगितलं आणि दोन्ही मोडली. आई तिच्याशी आठ दिवस बोलली नाही. आत्या मला म्हणाली, "लपवून दिलेली मुलगी पहिल्या दिवसापासून घाबरलेली असते. आणि आपल्याला घाबरून चालत नाही." तिसरं स्थळ सुप्याच्या शाळेतल्या मास्तरांचं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, गोळी सुप्यात मिळते का, की नगरहून आणावी लागेल. आत्याने घरी येऊन सांगितलं, "हा चालेल." त्यांच्याबरोबर माझा संसार चाळीस वर्षं झाला.

माझ्या लग्नानंतर पाच महिन्यांनी आत्या गेली. शाळेच्या मागे पत्र्यांचं काम चाललं होतं. तिने मुख्याध्यापकांना सांगून ते सुट्टीच्या दिवशी ठेवलं होतं, पण गवंडी एक दिवस आधी आले. ती फळ्यावर लिहीत असताना मागे छपरावरून एक पत्रा धाडकन जमिनीवर आदळला. मुलींना वाटलं, बाई खडू उचलायला वाकल्या. बेचाळीस वर्षांची होती.

दफनाला तिच्या शाळेच्या मुली रांगेने आल्या होत्या. डॉक्टरही नगरहून आले. मागे उभे राहिले आणि माती झाल्यावर माझ्या शेजारी येऊन म्हणाले की मुंबईला मानेतली एक नस कापण्याची शस्त्रक्रिया अशा लोकांसाठी करून बघणार आहेत असं कळलं होतं, त्यांनी पत्र लिहिलं होतं, उत्तर यायचं होतं. बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, उत्तर आलं की सुट्टी टाकते.

दादांना डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच गोळी सुचवली होती. सक्ती केली नव्हती. दादा म्हणायचे, पन्नाशी आली, कधी पडलो न्हाई, मला कशाला. आत्या दर भेटीला विषय काढायची आणि ते दर भेटीला तो टाळायचे. दफनानंतर चौथ्या दिवशी ते मला म्हणाले, "उद्या नगरला यायचं का माझ्यासंगं?" मला वाटलं, आत्याचे काही कागद आणायचे असतील.

डॉक्टरांसमोर बसल्यावर दादा म्हणाले, मला ती गोळी लिहून द्या. डॉक्टरांनी विचारलं की काही त्रास झाला का, चक्कर आली का. दादा नाही म्हणाले. मग आता का, असं डॉक्टरांनी विचारलं नाही, पण दादांनीच सांगितलं.

"तिला घेता येत नव्हती, डाक्टर. मला येतीया. येत असून घ्यायची न्हाई, ह्ये बरं न्हाई."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. दादांनी दवाखान्यातल्याच खिडकीवर गोळ्या घेतल्या, व्हरांड्यातल्या माठातलं पाणी घेतलं आणि पहिली गोळी तिथेच, उभ्याने गिळली.